यंत्राच्या पेटींतला वारा

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूर मागें टाकतो, घाट चढतो आणि मेडशीस येऊन पोंचतो. आज हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६१ या नांवानें ओळखला जातो. त्याचें रुंदीकरण करावयाचें ठरलें तेव्हां कामाचे तुकडे पाडतांना अकोला ते मेडशी हा एक व मेडशी ते वाशीम हा दुसरा, अशी वांटणी करण्यांत आली. १९९८ सालीं वाशीम हा निराळा जिल्हा झाला, तोंवर मेडशी अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. जिल्हा बदलला तरी ऊन बदललें नाहीं. चैत्र सरला कीं या भागांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि खालीं अकोल्याच्या सपाटीवर तर पंचेचाळीसही त्याला परके नाहींत.

या उन्हाशीं झगडण्याचा एक जुना उपाय श्रोत्यांपैकीं वडील मंडळींनीं ऐकलेला असेल. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. त्या शतकांतील साहेबांच्या बंगल्यांत छताला टांगलेला झालरीचा पंखा असे व तो ओढणारा माणूस बाहेर ओसरीवर बसे, हें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याच्याच जोडीला हिंदुस्थानांतील इंग्रजांनीं एक भली मोठी लांकडी पेटी काढली होती. तिचें नांव थर्मॅन्टिडोट. पेटीच्या पोटांत पातीं बसविलेला आंस, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्या ताट्यांवर पाणी शिंपडणारा एक नोकर व आंस फिरविणारा दुसरा. बाहेरची तापलेली हवा ओल्या वाळ्यांतून आंत ओढली जाई आणि निवून खोलींत शिरे. आज विदर्भांत घरोघरीं दिसणारा कूलर हा त्याच पेटीचा विजेवर चालणारा वंशज होय.

आतां दुसरी पेटी पाहावी. टेबलाखालीं किंवा टेबलावर उभी असलेली, पत्र्याची, एका अंगास कांच लावलेली. तिच्या पोटांतही पंखे फिरत असतात. पण ते माणसासाठीं नसून यंत्रासाठीं असतात. शिवाय हल्लीं त्या पंख्यांच्या कडेनें तांबडे, निळे, हिरवे दिवे लुकलुकतात. पंख्यांच्या तारा एका लहानशा हबमध्यें, दिव्यांच्या तारा दुसऱ्या हबमध्यें, व दोन्ही हबांच्या तारा पुन्हा मुख्य फळीकडे, म्हणजे मदरबोर्डकडे, अशी ही गुंतागुंत असते. नवा संगणक घरीं जोडणाऱ्यास या तारांपाशींच बहुधा अडखळावयास होतें. कोणती तार कोठें लावावयाची हें छापील पत्रकांत दिलेलें असतें. ती तेथेंच कां लावावयाची, हें मात्र इतिहास पाहिल्यावांचून उलगडत नाहीं.

मुळांत संगणकाला वारा लागतोच कशाला? गिरणी पीठ दळते, पंप पाणी चढवितो, आणि विजेचा कांहीं अंश तरी त्या कामांत खर्ची पडतो. संगणक कांहीं उचलीत नाहीं व कांहीं दळीत नाहीं. त्यानें घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटीं उष्णतेच्या रूपानें त्याच पेटींत जमा होते. पांचशें वॅट वीज घेणारा संगणक हा एका अर्थीं पांचशें वॅटची शेगडीच होय. ती गणित करते एवढाच फरक. म्हणून गणित करणाऱ्या यंत्रांचा इतिहास हा त्यांच्या उष्णतेचाही इतिहास आहे.

१९४६ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एनिॲक नांवाचें यंत्र जगापुढें आलें. त्यांत सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. रेडिओच्या जुन्या पेटींत पांच-सहा व्हॉल्व्ह असत, आणि तेवढ्यानेंही पेटीचें लांकूड हाताला ऊन लागे. मग अठरा हजारांनीं काय होत असेल! हें यंत्र सुमारें दीडशें किलोवॅट वीज घेई व त्यांतून हवा खेळती ठेवण्यास मोठे विजेचे पंखे लावावे लागले होते. यंत्राचा एखादा भाग प्रमाणाबाहेर तापला तर वीज आपोआप तोडणारी योजनाही त्यांत होती. पंखा आणि पहारेकरी हे दोघे संगणकाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहेत.

आपल्याकडे ही कथा मुंबईंत सुरू होते. होमी भाभा यांनीं उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं एक संगणक स्वतः बांधावयास घेतला. त्याची लहान नमुना-प्रत १९५६ सालीं चालूं लागली, पूर्ण यंत्र १९६० सालीं कामास लागलें, आणि १५ जानेवारी १९६२ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह होते आणि तें अठरा फूट लांब व आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यांत बसविलें होतें. सांगाड्याला दोहों बाजूंनीं दारें होतीं, म्हणजे बिघाड झाला कीं दार उघडून हात घालतां यावा. आजच्या पेटीची बाजूची कांच उघडणाऱ्यास ठाऊकही नसतें कीं तो त्याच दारांची लहान आवृत्ति उघडीत आहे. १९६४ सालीं याच संस्थेंत अमेरिकेहून सी.डी.सी. ३६०० हें ट्रान्झिस्टरांचें यंत्र आलें व व्हॉल्व्हचा काळ संपला. एकेका ट्रान्झिस्टरची उष्णता व्हॉल्व्हच्या मानानें नगण्य. पण माणसाचा हव्यास असा कीं, उष्णता कमी झाली म्हणून तो थांबला नाहीं. तेवढ्याच जागेंत अधिक ट्रान्झिस्टर कोंबूं लागला.

या हव्यासाचें टोंक म्हणजे सेमूर क्रे यांचीं यंत्रें. १९७६ च्या क्रे-१ मध्यें वाऱ्यानें भागेना, म्हणून शीतकपाटांत वापरतात तसला फ्रेऑन नळ्यांतून खेळवावा लागला. १९८५ च्या क्रे-२ मध्यें तर सगळीं मंडलें एका विशिष्ट द्रवांत बुडवूनच ठेवलीं होतीं. भारताला असलें महायंत्र हवें होतें, परंतु हवी ती क्षमता देण्यास अमेरिकेनें नकार दिला. तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. भटकर हे मूळचे वऱ्हाडांतलेच. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत मुरंबा नांवाचें गांव आहे, तेथें त्यांचा जन्म झाला, आणि तोही एनिॲक जगापुढें आलें त्याच १९४६ सालीं. परमची युक्ति एका प्रचंड तापट प्रोसेसरऐवजीं पुष्कळ लहान, अल्प वीज घेणारे प्रोसेसर एकत्र राबविण्याची होती. तिचा मुख्य हेतु गणिताचा वेग हा होता हें खरें. पण काम वांटलें कीं उष्णताही वांटली जाते, हा लाभ कांहीं थोडा नाहीं.

घरगुती पेटीची कहाणी निराळ्या वाटेनें गेली. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला. त्याचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा, म्हणजे एका विजेच्या दिव्याएवढा. साऱ्या पेटींत पंखा एकच, आणि तोही वीजपुरवठ्याच्या डब्यांत. प्रोसेसर तर उघडाच असे. त्यावर ना धातूची जाळी, ना पंखा. भारतांत १९८४ च्या नोव्हेंबरांत सरकारनें संगणकविषयक नवें धोरण जाहीर केलें व अशा यंत्रांची आयात सोपी झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडून देणारीं दुकानें पुढें भरभराटीस आलीं. त्या दुकानांतील कारागिरास तेव्हां वाऱ्याची चिंता करावी लागत नसे.

ती चिंता १९९३ सालीं पेंटियमबरोबर आली. पहिला पेंटियम सुमारें पंधरा वॅट उष्णता सोडी, आणि त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची दांतेरी जाळी व एक चिमुकला पंखा बसविणें अटळ झालें. १९९५ मध्यें इंटेलनें एटीएक्स ही पेटीची व फळीची नवी मापें ठरविलीं, व पेटीच्या पाठीस आणि पुढें पंखे लावण्याची प्रथा पडली. अवघ्या दहा वर्षांत, २००४ च्या सुमारास, त्याच कंपनीचे पेंटियम ४ जातीचे कांहीं प्रोसेसर शंभर वॅटच्या वर गेले. आज चित्रें काढणारें एकटें ग्राफिक्स कार्डच, उदाहरणार्थ २०२२ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें काढलेलें सर्वांत मोठें, ४५० वॅट मागतें.

पंख्याच्या तारांची वाढ या उष्णतेमागोमाग झाली. आरंभीं दोनच तारा होत्या: एकींतून १२ व्होल्टची वीज यावी व दुसरींतून परत जावी. पंखा बंद पडला तर कोणास कळणार? म्हणून तिसरी तार आली. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यास ती दोन ठोके देते. ते मोजून फळीला वेग समजतो. पुढें पंखे वाढले, आवाज वाढला, आणि घरांतील माणसें कुरकुरूं लागलीं. गरज नसतां पंख्यानें धांवूं नये यासाठीं इंटेलनें चौथ्या तारेची रीत ठरवून दिली. या तारेंतून फळी सेकंदाला सुमारें पंचवीस हजार वेळां ‘चालू-बंद’ असा संकेत पाठविते, आणि त्यांत ‘चालू’चा भाग किती यावरून पंखा आपला वेग ठरवितो. पंचवीस हजार हा आंकडा सहज निवडलेला नाहीं. माणसाचा कान वीस हजारांपलीकडचें ऐकत नाहीं. म्हणून या संकेताची किणकिण कोणास ऐकूं येत नाहीं.

आतां हबकडे वळतां येईल. फळीवरील पंख्याच्या एका जागेंतून सामान्यतः एक अँपिअर, म्हणजे बारा वॅटपर्यंत वीज घेतां येते. दोन-तीन पंख्यांस तेवढी पुरते. सहा पंखे एकाच जागीं लटकविले तर फळीवरची ती नाजूक वाट जळण्याचा धोका असतो. हब ही या अडचणीवरची तोड आहे. तो वीज फळीकडून घेतच नाहीं, ती वीजपुरवठ्याच्या डब्यांतून साटा जोडणीनें थेट घेतो. फळीकडून तो केवळ चौथ्या तारेचा हुकूम घेतो व सर्व पंख्यांना एकदम ऐकवितो. ज्यानें साटाची जोडणी लावली नाहीं त्याचे पंखे हुकूम ऐकूनही हलत नाहींत. नवशिक्याची सर्वांत नेहमींची चूक हीच.

हबमध्यें एक उणीव आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. हुकूम सर्वांना जातो, पण तिसऱ्या तारेचे ठोके बहुतेक हब एकाच पंख्याचे परत पाठवितात, बहुधा पहिल्या क्रमांकाच्या जागेवरील पंख्याचे. बाकीच्या पांचांपैकीं एखादा कापसाच्या तंतूनें अडकून उभा राहिला तरी फळीला त्याचा पत्ता लागत नाहीं; ती पहिल्याचा वेग पाहून समाधानी असते. यासाठीं प्रोसेसरवरचा पंखा हबला कधीं लावूं नये. त्याला फळीवर त्याच्या नांवाची स्वतंत्र जागा असते. तो थांबला तर फळी तक्रार करते, आणि ती तक्रार वेळींच ऐकूं येणें हें हजारो रुपयांच्या यंत्राच्या दृष्टीनें क्षुल्लक नव्हे.

दिव्यांचा इतिहास याहून अगदीं निराळा आहे. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं केला. हिरवाही पुढें आला, पण तेजस्वी निळा मात्र जपानी संशोधकांच्या दीर्घ परिश्रमांनंतर १९९३ च्या सुमारास हाताशीं आला. अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा नव्हता तोंवर तिन्ही रंग मिसळून हवी ती छटा काढणें शक्यच नव्हतें. दरम्यान शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांतील हौशी तरुण आपल्या संगणकाच्या पत्र्याला खिडकी कापून आंत रंगीत नळ्या लावूं लागले होते. हौस प्रथम हातांनीं केलेली होती. बाजारानें ती मागाहून उचलली.

त्यामुळें दिव्यांच्या दोन जाती झाल्या, आणि दोहोंची जोडणी एक नाहीं. पहिली जात १२ व्होल्टची, चार टोकांची: एक वीज आणि तीन रंग. तींत सगळे दिवे एकाच वेळीं एकाच रंगाचे होतात. दुसरी जात ५ व्होल्टची, तीन टोकांची: वीज, परतीची वाट व संदेश. हींत प्रत्येक दिव्याच्या पोटांत एक सूक्ष्म मंडल असतें. टपालाची थैली घेऊन निघालेल्या गाडीसारखा संदेश पहिल्या दिव्यापाशीं येतो. तो आपल्या नांवाचें पत्र काढून घेतो व थैली पुढें धाडतो. म्हणून एक दिवा बिघडला तर पुढचे सगळे काळोखांत जाण्याचा संभव असतो. ५ व्होल्टचे दिवे ज्यानें ओढून-ताणून १२ व्होल्टच्या जागीं बसविले, त्याचे ते बहुधा पहिल्याच क्षणीं जळून जातात. टोकें चार कीं तीन हें मोजून घेण्यास पळभरही लागत नाहीं. दुकानांत नवे पंखे आणावयास जाण्यास मात्र मेडशीहून अकोला गांठावें लागतें.

दिव्यांची आवड वाढली तशी पेटीला कांच आली. बाजूची कांच निरुपद्रवी आहे. पण मध्यंतरीं पुढची बाजूही कांचेनें बंद करण्याची टूम निघाली, आणि जेथून वारा आंत यावयाचा तेथेंच भिंत उभी राहिली. वाऱ्यासाठीं काढलेल्या पंख्याला दिवा लावावा आणि तो दिवा दिसावा म्हणून वाऱ्याचीच वाट बुजवावी, याहून विलक्षण प्रकार यंत्रांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. हल्लीं कारखानदारांनीं पुढची बाजू पुन्हा जाळीची केली आहे, हें बरें झालें.

मेडशीसारख्या गांवीं हा प्रश्न शोभेचा राहत नाहीं. महाराष्ट्रांत २००२ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळें आणि २०११ पासून ‘संग्राम’ योजनेनें ग्रामपंचायतींत ठेवलेल्या यंत्रांमुळें संगणक खेडोपाडीं गेला. तो ज्या हवेसाठीं आंखला होता ती हवा येथें नव्हती. पंखा हवा थंड करीत नाहीं. तो आंतली तापलेली हवा बाहेर टाकून तिच्या जागीं खोलींतील हवा आणतो, एवढेंच. शंभर वॅट उष्णता वाहून नेतांना हवा दहाच अंश तापावी असें वाटत असेल तर दर सेकंदास सुमारें आठ लिटर हवा पेटींतून गेली पाहिजे; पांचशें वॅटला चाळीस लिटर, म्हणजे तीनएक घागरी हवा प्रत्येक सेकंदास. खोलींतच बेचाळीस अंश असतील तर पेटींतील हवा बावन्नापर्यंत जाते, व प्रोसेसर त्याहून कितीतरी वर. शंभर अंशांच्या आसपास पोंचतांच तो स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. यंत्र ‘म्हातारें झालें’ म्हणून जें विकलें जातें, तें पुष्कळदां नुसतें घामाघूम झालेलें असतें.

त्यांत हा कापसाचा मुलूख. तंतु आणि धूळ जाळीवर बसून पंधरा दिवसांत तिचें घोंगडें होतें. यास्तव आंत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षां किंचित् अधिक असावे. म्हणजे हवा जाळींतूनच आंत येते, फटींतून धुळीसह शिरत नाहीं. पंख्याची चौकट जिकडे आडव्या दांड्यांनीं बांधलेली असते तिकडून वारा बाहेर पडतो, हें एकदां ध्यानांत ठेवलें कीं पंखा उलटा बसत नाहीं. कूलर खोलींत असेल तर उत्तमच. वऱ्हाडच्या कोरड्या हवेंत तो खोलीचें तापमान चांगलेंच उतरवितो. मात्र त्याचा ओला झोत सरळ पेटीवर येऊं देऊं नये.

उन्हाळ्यांत वीज जाते व येते. ती परत आल्यावर यंत्र सुरू होतांच सगळे पंखे क्षणभर पूर्ण वेगानें घोंघावतात व मग शांत होतात. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. वास्तविक ती मूळ योजनाच आहे: चौथ्या तारेंतून हुकूम येत नसेल, किंवा ती तार तुटली असेल, तर पंख्यानें आपल्या संपूर्ण शक्तीनें फिरत राहावें असा नियम घालून दिलेला आहे. ओसरीवर बसून दोरी ओढणारा जुना पंखेवाला आंतून हांक आली नाहीं कीं डुलकी घेई. हा मात्र हांक आली नाहीं कीं जिवाच्या करारानें राबतो. शेजारच्या हबवरील दिव्यांची तऱ्हा उलट. त्यांच्यापर्यंत संदेश पोंचला नाहीं तर ते काळे राहतात आणि यंत्र पूर्ववत् चालू राहतें.